पायाळूंची शेवटची पिढी

आमच्या गावात कुणाची कंबर धरली की माझ्या मावशीला बोलावणं यायचं. मावशी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. उसण भरलेल्या जागी तिने पायाने तीनदा हलकेच मारायचं, की माणूस बरा. मोबदल्यात कधी कपभर चहा, कधी परसातली चार वांगी. पावसाळ्याच्या तोंडाला आभाळ कडाडू लागलं की आजी तिला हाताला धरून घरात ओढायची, कारण पायाळूवर वीज पडते. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असंही म्हणत. मावशीला ते कधी दिसलं नाही, नाहीतर आमच्या घरावर पत्रे राहिले नसते.

पुढे मी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र शिकले तेव्हा या शब्दाचं मला नवल वाटू लागलं. पायाकडून जन्मलेल्या माणसासाठी आपल्या भाषेने वेगळा शब्द केला, त्याच्याभोवती एवढ्या समजुती रचल्या. म्हणजे अशी हिंडती-फिरती माणसं गावोगाव असणार. सिझेरियनचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा सुईणींच्या हातून ही बाळं जन्मत होती आणि जगत होती. हे मी एकदा आजीला कौतुकाने म्हटलं. ती म्हणाली, ‘तुझ्या मावशीच्या आधीचाही तसाच आला होता. तो नाही राहिला.’ त्या मुलाला कुणी पायाळू म्हटलं नाही. त्याचं नावच ठेवलेलं नव्हतं. पायाळू हा शब्द फक्त वाचलेल्यांना मिळतो, हे मला पाठ्यपुस्तकातून नव्हे, त्या दिवशी चुलीपाशी कळलं. पूर्वी सगळं नैसर्गिक होत होतं आणि छान होत होतं असं कुणी सांगू लागलं की मला तो बिननावाचा मामा आठवतो.

हल्ली हा शब्द ओपीडीत येतो तो सासूबाईंच्या तोंडून. सून सदतिसाव्या आठवड्याचा सोनोग्राफीचा कागद घेऊन बसलेली असते, कागदावर ‘ब्रीच’ असं लिहिलेलं असतं आणि सासूबाई विचारतात, ‘बाई, पायाळू आहे म्हणता, मग आता सिझरच का?’ अठ्ठाविसाव्या आठवड्यात चार-पाचांतलं एक बाळ डोकं वर करूनच बसलेलं असतं. बहुतेक आपणहून फिरतात. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार तसेच राहतात. सासूबाईंच्या प्रश्नाला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मी ‘हो’ याखेरीज दुसरं उत्तर फार क्वचित दिलं आहे. ते उत्तर चुकीचं होतं असं म्हणण्यासाठी हा लेख लिहीत नाही. ते उत्तर सरसकट देताना आम्ही एक विद्या हातातून जाऊ दिली, आणि तिची किंमत जिला वेळेवर सिझर मिळतच नाही ती बाई आणि तिचं बाळ मोजतं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी धोका कुठे आहे ते नीट समजून घेऊ, कारण बाहेर याबद्दल जे बोललं जातं त्यात भीतीच जास्त असते. बाळाचं डोकं हा त्याचा सगळ्यांत मोठा आणि टणक भाग. ते आधी येतं तेव्हा कळांच्या दहा-बारा तासांत हळूहळू आकार बदलत वाट काढतं. एकदा ते निसटलं की उरलेलं अंग मागोमाग घसरतं. पायाळूत हा क्रम उलटा. आधी कुल्ले येतात किंवा पाय येतात, मग पोट, आणि बेंबी बाहेर आली की नाळ आईच्या कटीचं हाड आणि बाळाचं डोकं यांच्यात दाबली जाऊ लागते. तिथून घड्याळ सुरू होतं. डोक्याला वाट काढायला आता तास नसतात, मिनिटं असतात. त्यातून हात डोक्यामागे अडकलेले असू शकतात, मान मागे ताणलेली असू शकते. पाय खाली सोडून बसलेलं बाळ असेल तर पाणी जाताच नाळ आधी घसरून बाहेर येण्याची भीती मोठी. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर धडाच्या मानाने त्याचं डोकं आणखीच मोठं. पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आत धड निसटतं आणि डोकं मागे राहतं.

या सगळ्यांपेक्षा वाईट म्हणजे घाबरून ओढणं. ओढलं की बाळाचे हात वर जातात, हनुवटी छातीपासून सुटते, आणि जे डोकं आपणहून आलं असतं ते अडकून बसतं. म्हणून आम्हाला पहिला धडा मिळाला तो काहीही न करण्याचा. आमचे सर टेबलाशी उभे राहून रजिस्ट्रारला दरडावत, ‘हात मागे बांध.’ कुल्ले आईच्या जोरानेच यायला हवेत. बाळाला धरायची वेळ आली तर पोटाला धरायचं नाही, आतल्या यकृताला इजा होते. अंगठे त्याच्या कटीच्या हाडांवर ठेवायचे. हात वर गेलेले असतील तर बाळाला अर्धा फेरा फिरवून मागचा खांदा पुढे आणायचा. नॉर्वेच्या लोव्हसेट यांची ही युक्ती. मग धड तसंच लोंबू द्यायचं, मानेवरची केसांची कड दिसेपर्यंत. ती दिसली की बाळाला आपल्या हातावर घोड्यासारखं बसवायचं, दोन बोटं त्याच्या गालांच्या हाडांवर ठेवायची, दुसऱ्या हाताने डोकं मागून वाकतं ठेवायचं आणि डोकं वळवत बाहेर आणायचं. ही रीत सतराव्या शतकातल्या मॉरिसो या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखली जाते. हे सगळं वाचायला दोन मिनिटं लागली. करायला त्याहून फार जास्त वेळ मिळत नाही. पोहण्यासारखं आहे. हातांनी एकदा शिकलं की विसरत नाही, आणि पुस्तकातून कधी येत नाही.

ही विद्या जगभरातून जवळजवळ एका शोधनिबंधाने हद्दपार केली. ऑक्टोबर 2000 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात टर्म ब्रीच ट्रायल प्रसिद्ध झाली. टोरांटोच्या मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 26 देशांतल्या 121 रुग्णालयांत 2,088 गरोदर बायका घेतल्या, सगळ्यांची बाळं पायाळू आणि दिवस भरलेली. चिठ्ठी टाकावी तसं अर्ध्यांचं सिझर ठरवलं, अर्ध्यांची खालून प्रसूती. खरं तर 2,800 बायका घ्यायच्या होत्या, पण मधल्या तपासणीत फरक इतका दिसला की अभ्यास तिथेच थांबवला. सिझर ठरवलेल्या गटात मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली बाळं 1.6 टक्के, खालून प्रसूती ठरवलेल्या गटात 5 टक्के. नुसते मृत्यू मोजले तर 3 विरुद्ध 13. आईच्या बाबतीत लगेचच्या काळात फरक दिसला नाही.

एवढ्या स्वच्छ आकड्यांपुढे कोण उभं राहणार? नेदरलँड्समध्ये दोन महिन्यांच्या आत पायाळू बाळांसाठी होणाऱ्या सिझरचं प्रमाण 50 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेलं. वैद्यकात एखादा अभ्यास व्यवहारात उतरायला दहा-पंधरा वर्षं लागतात अशी आम्हा लोकांची नेहमीची तक्रार असते. इथे साठ दिवस पुरले. कारण उघड आहे. या निष्कर्षाने डॉक्टरची झोप वाचत होती, कोर्टाची भीती कमी होत होती आणि कामाची वेळ सकाळी दहावर येत होती. जो पुरावा आपल्या सोयीचा असतो तो आपण किती पटकन स्वीकारतो, हे या प्रकरणात जितकं दिसतं तितकं क्वचितच दिसलं असेल.

नंतर लोकांनी ती ट्रायल उलगडून पाहिली. अभ्यासातून वगळायला हवी होती अशी काही प्रकरणं आत आली होती, जुळ्यांचीसुद्धा. मान ताणलेली आहे का हे सोनोग्राफीने सगळ्यांचं पाहिलेलं नव्हतं. ‘अनुभवी डॉक्टर’ कोण याची व्याख्या सैल होती. इस्रायलच्या मारेक ग्लेझरमन यांनी 2006 मध्ये या ट्रायलच्या शिफारशी मागे घ्याव्यात असं सरळ लिहिलं. कॅनडाच्या अँड्र्यू कोटास्का यांचा मुद्दा मला जास्त खोल वाटतो. गोळी सगळ्या जगात एकच असते. पायाळू बाळाची प्रसूती ज्या हातांनी होते ते हात जागोजागी वेगळे असतात. मग 121 ठिकाणच्या हातांची सरासरी काढून ‘खालून प्रसूती’ नावाच्या एकाच गोष्टीची परीक्षा झाली असं कसं म्हणायचं? हातांच्या कौशल्याचीही परीक्षा त्यात झाली, आणि निकाल मात्र एकट्या पद्धतीच्या नावावर लागला.

आपल्या दृष्टीने त्या निबंधातलं सगळ्यांत महत्त्वाचं कोष्टक मात्र फारसं कुणी वाचत नाही. ज्या देशांत जन्माच्या आसपासचे बालमृत्यू कमी होते तिथे फरक प्रचंड होता, 0.4 टक्के विरुद्ध 5.7 टक्के. ज्या देशांत बालमृत्यू जास्त होते तिथे तो 2.9 विरुद्ध 4.4 इतका आटला, आणि तो योगायोगानेही पडू शकतो एवढाच उरला. याची दोन कारणं संभवतात. गरीब देशांतल्या डॉक्टरांचे हात या कामाला जास्त सरावलेले असतील. किंवा तिथली बाळं लवकर घरी गेल्यामुळे इजा नोंदल्याच गेल्या नसतील. दुसरी शक्यता मी नाकारत नाही. पण 2.9 हा आकडा बघा. सिझर ठरवूनही तिथे शंभरातली जवळपास तीन बाळं मेली किंवा गंभीर आजारी झाली. भूलतज्ज्ञ, रक्त, नवजात बाळाचा श्वास सुरू करणारी सिस्टर, उबदार खोली, हे सगळं सिझरच्या मागे उभं असलं तरच सिझर सुरक्षित. नुसत्या सुरीने बाळ वाचत नाही.

2004 मध्ये त्याच संशोधकांनी या मुलांपैकी 923 मुलं दोन वर्षांची झाल्यावर तपासली. मृत्यू किंवा वाढीतला दोष सिझरच्या गटात 3.1 टक्के, खालून प्रसूतीच्या गटात 2.8 टक्के. म्हणजे जन्मल्या जन्मल्या निळी पडलेली, मलूल, अतिदक्षता विभागात गेलेली बहुतेक बाळं दोन वर्षांनी इतरांसारखीच धावत होती. याने मेलेली बाळं परत येत नाहीत हे खरं. पण ‘गंभीर इजा’ या शब्दांनी आयांना जी भीती घातली गेली तिचं माप चुकलेलं होतं. पहिल्या निबंधाने साठ दिवसांत जग बदललं. या दुसऱ्या निबंधाने काहीच बदललं नाही. तोवर शिकवणारे सर निवृत्तीला आले होते.

फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ही विद्या टिकून होती. तिथल्या 174 रुग्णालयांतल्या 8,105 बायकांचा प्रेमोडा नावाचा अभ्यास 2006 मध्ये आला. त्यांतल्या 2,526 बायकांनी खालून प्रसूतीची वाट धरली आणि त्यांतल्या 71 टक्क्यांची ती तशी झाली. बाळांचा मृत्यू किंवा गंभीर इजा त्यांच्यात 1.60 टक्के, सिझर ठरवलेल्यांत 1.45 टक्के. फरक नाहीच म्हणायचा. अर्थात हा चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास नव्हता. बायका निवडून घेतल्या होत्या, बाळाची मान वाकलेली आहे ना हे पाहिलेलं होतं, बहुतेकींच्या कटीचं माप घेतलेलं होतं, ठोके सतत मोजले जात होते आणि जरा अडलं की सिझर तयार होतं. या अभ्यासाचा आधार घेऊन कुणी आमच्या तालुक्यात तसंच करायला निघालं तर मी त्याला अडवीन. त्याने एवढंच सिद्ध होतं की नीट निवड आणि सरावलेले हात असतील तर ही प्रसूती मुळातच बाळघातकी नाही.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरोधातली गोष्ट, कारण ती टाळून पुढे जाणं लबाडी होईल. नेदरलँड्समध्ये त्या साठ दिवसांच्या उलथापालथीनंतर पायाळू बाळांचे मृत्यू 0.35 टक्क्यांवरून 0.18 टक्क्यांवर आले. निम्मे झाले. चांगल्या देशात, सरावलेल्या हातांमध्येसुद्धा. नंतर तिथल्याच संशोधकांनी हिशोब मांडला की एका बाळाचा मृत्यू टाळायला साधारण 338 जादा सिझर करावी लागली. आणि 2000 ते 2002 या काळात पायाळू बाळासाठी ठरवून केलेल्या सिझरनंतर तिथे चार आया गेल्या. या चार बायकांचं काय करायचं? 338 मध्ये एक ही किंमत जास्त की कमी? हा प्रश्न गणिताने सुटत नाही. ज्या बाईला एकच मूल हवं आहे, जी शहरात राहते, जिच्या पुढच्या बाळंतपणाचा प्रश्नच नाही, तिच्यासाठी उत्तर एक. जिला आणखी दोन मुलं होणार आहेत आणि जिच्या पाड्यापासून सिझर होणारं रुग्णालय तीन तासांवर आहे, तिच्यासाठी दुसरं.

ब्रिटनच्या प्रसूती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत हे आकडे बाईसमोर मांडता येतील इतके सोपे केले आहेत. पायाळू बाळाचं 39 आठवड्यांनंतर ठरवून सिझर केलं तर हजारात अर्धं बाळ दगावतं. खालून प्रसूती ठरवली तर हजारात दोन. आणि डोकं खाली असलेल्या, ज्याला आपण ‘नॉर्मल’ म्हणतो त्या प्रसूतीत हजारात एक. हा तिसरा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण तो ऐकला की बायकांचा चेहरा बदलतो. पायाळू बाळाची खालून प्रसूती म्हणजे जुगार आणि बाकी सगळं निर्धोक, असा जो समज असतो तो जरा ठिकाणावर येतो. शिवाय पहिल्या दोन आकड्यांतला सगळा फरक प्रसूतीच्या धोक्याचा नाही. सिझर 39 आठवड्यांना झाल्यामुळे त्यापुढच्या दिवसांत पोटातच बाळ जाण्याचे काही प्रसंग टळतात, तेही त्यात मोजले गेलेत.

या आकड्यांत पुढचं बाळंतपण धरलेलं नाही. सिझरचा वण असलेल्या पिशवीला पुढच्या वेळी कळा आल्या तर दोनशेत एकदा वण उसवतो. वार, म्हणजे प्लासेंटा, पिशवीच्या तोंडाशी खाली असेल तर आणखी पंचाईत. पिशवीवर आधी एकही वण नसताना खालची वार आत रुतून बसण्याची शक्यता 3 टक्के, एक वण असेल तर 11, दोन असतील तर 40. अशी वार काढताना जो रक्तस्राव होतो तो ज्याने पाहिला आहे तो ‘एक सिझर तर आहे’ असं सहज म्हणत नाही. मुलीचं पहिलं बाळंतपण ठरवताना आपण तिची पुढची दोन बाळंतपणंही ठरवत असतो, आणि ही गोष्ट समुपदेशनाच्या त्या दहा मिनिटांत जवळजवळ कधीच निघत नाही. सही तर बऱ्याचदा नवऱ्याची असते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली होती. सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के, खासगीत 47.4. महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या वर, साधारण चौथा हिस्सा. या दोन आकड्यांमधली दरी पाहून ‘पैशासाठी कापतात’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पैसा आहेच, नाही म्हणत नाही. पण पायाळूच्या बाबतीत तो दुय्यम. भीती पहिली. 2022 च्या मार्चमध्ये राजस्थानातल्या दौशात बाळंतिणीचा रक्तस्रावाने मृत्यू झाल्यावर डॉक्टर बाईंवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांनी आयुष्य संपवलं. ती बातमी आमच्या प्रत्येकीच्या फोनवर आठवडाभर फिरत होती. सिझर करून बाळ गेलं तर ‘डॉक्टरांनी सगळं केलं’ म्हणतात. खालून प्रसूती करताना गेलं तर ‘वेळेवर सिझर का नाही केलं’ म्हणतात. हे माहीत असताना कोणती शहाणी बाई दुसरी वाट धरेल? महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 पासून कायदा आहे. लेबर रूमच्या दारात चाळीस माणसं उभी असतात तेव्हा तो कुठे असतो हे मला विचारू नका.

म्हणून स्पष्ट सांगते. आज माझ्या जिल्ह्यात एखादी बाई पहिलटकरीण असेल, बाळ पायाळू असेल आणि ती विचारेल की तुमच्या जागी तुमची मुलगी असती तर काय केलं असतं, तर मी सिझर म्हणेन. पद्धत वाईट म्हणून नव्हे. रात्रपाळीला कोण असेल आणि त्याने आयुष्यात किती पायाळू बाळं काढली असतील याचा मला भरवसा नाही म्हणून. हा भरवसा गेला कसा? आम्हीच घालवला. धोका आहे म्हणून करायचं नाही, करत नाही म्हणून शिकवायचं नाही, शिकवलं नाही म्हणून धोका वाढला; आणि आता तोच वाढलेला धोका दाखवून आम्ही म्हणतो, बघा, सांगत होतो ना.

यावर माझे तरुण सहकारी म्हणतात, मॅडम, सगळ्यांचं सिझरच होणार असेल तर ही जुनी विद्या हवी कशाला? बैलगाडी हाकायला कोण शिकतं आता? यावर माझं उत्तर त्याच ट्रायलमध्ये आहे. ज्या गटाचं सिझर ठरलेलं होतं, तयारी होती, जगभरातून निवडलेली रुग्णालयं होती, त्या गटातसुद्धा 90.4 टक्के बायकांचंच सिझर झालं. उरलेल्या जवळपास दहा टक्क्यांची कारणं वेगवेगळी असतील, पण बाळं तारीख बघून येत नाहीत हे त्यातलं एक. मग ज्या बाईची सोनोग्राफी सातव्या महिन्यानंतर झालीच नाही, जी ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर आहे, जिला कळा अपुऱ्या दिवसांत आल्या, जिच्या जुळ्यांतलं दुसरं पायाळू आहे, तिचं काय? ती येते तेव्हा कुल्ले दिसत असतात. रॉयल कॉलेजचीच सूचना आहे की प्रसूती इतकी पुढे गेलेली असेल तर सरसकट सिझरकडे वळू नये. त्या अवस्थेत वर ओढून सिझर करणं आईलाही वाईट आणि बाळालाही. त्या क्षणी टेबलाशी जो उभा असेल त्याचे हात हाच उपचार. तिथे तज्ज्ञ क्वचितच असतो. बहुतेकदा प्राथमिक आरोग्य केंद्राची सिस्टर असते, एमबीबीएस झालेला बंधपत्रावरचा पोरगा असतो, किंवा 108 च्या गाडीतला बीएएमएस डॉक्टर, हलत्या गाडीत, एका हाताने वरची दांडी धरून.

आणि ते ओढतात. त्यांना कुणी ‘हात मागे बांध’ असं सांगितलेलंच नसतं.

सिझर न करताही बरंचसं साधण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो आपण आळसाने सोडलाय: बाळ पोटावरूनच फिरवणं. जुन्या सुईणी तेल लावून पोट चोळायच्या, त्यातल्या काही फिरवतही असतील. तसं करू नये, वार सुटू शकते. पण रुग्णालयात, छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यात, पिशवी सैल करणारं इंजेक्शन देऊन, सोनोग्राफीत बघत, ठोके मोजत, ऑपरेशन थिएटर शेजारी तयार ठेवून केलं तर साधारण निम्मी बाळं फिरतात, आणि फिरलेली सहसा फिरलेलीच राहतात. तातडीने सिझर करावं लागण्याचा प्रसंग दोनशेत एखादा. दोन हात, थोडं जेल, अर्धा तास. याला मोठं बिल लागत नाही, कदाचित म्हणूनच याची पाटी कुठे दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा बायकांतल्या नऊजणींना असं काही असतं हेच ठाऊक नसतं. त्यांना आधी तपासणाऱ्या कुणीही ते सांगितलेलं नसतं.

सरकारकडून माझी अपेक्षा मोठी नाही. गावोगाव पायाळू बाळांची खालून प्रसूती सुरू करा असं मी म्हणत नाही. तशी आज्ञा निघाली तर बाळं मरतील. पण मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांपैकी चार-पाच ठिकाणी तरी, जिथे भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात कक्ष चोवीस तास जागे असतात, तिथे निवडक बायकांसाठी ही वाट उघडी ठेवावी. एखादी बाई सगळे आकडे ऐकून ‘मला खालून करायचंय’ म्हणाली तर तिला पाठवायला जागा असावी, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खरी प्रसूती बघायला मिळावी. बाकी सगळ्यांसाठी बाहुली पुरे. परीक्षेतली ती डॉल आणि पेल्व्हिस, म्हणजे कातडी बाहुली आणि हाडांचा सांगाडा, आमच्या प्रत्येक महाविद्यालयात कपाटात पडलेली आहे. वर्षातून एकदा तोंडी परीक्षेला बाहेर निघते, विद्यार्थी लोव्हसेटचं नाव घेतो, बाहुली पुन्हा कपाटात. तीच बाहुली दर सहा महिन्यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक लेबर रूममध्ये आणि प्रत्येक 108 च्या गाडीतल्या माणसासमोर फिरायला काय हरकत आहे? खर्च डिझेलचा.

निवृत्तीनंतर मी हे आपल्या परीने करते. गेल्या वर्षी एका तालुक्याच्या ठिकाणी अशा कार्यशाळेत एक सिस्टर पुढे आल्या, पन्नाशीच्या. बाकीच्यांनी बाहुलीचं पोट धरलं, त्यांनी कटीची हाडं धरली. फिरवली, खांदा काढला, सोडून दिली आणि थांबल्या. बाकीच्या कुजबुजायला लागल्या, ‘सिस्टर, ओढा ना.’ त्या थांबूनच. मानेची कड दिसली तेव्हा हात घातला. मी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाल्या, उपकेंद्रावर असताना, दोनदा, एकदा जमलं नव्हतं. मग बाहुली माझ्याकडे परत देत म्हणाल्या, ‘मॅडम, हिची मान फार सैल झालीय. खऱ्या बाळाची अशी नसते. पोरींना चुकीची सवय लागेल. पुढच्या वेळी दुसरी आणा.’